शेपटी काढ

२ नोव्हेंबर, रविवार

ओवीची शाळेची बस गेली. नवरोबा नि. पहाटेच रास लफानला प्लांटवर, कंपनीच्या बसमध्ये उरलेली झोप पुरी करायला. घर माझं एकटीचं. चहा घेऊन बसले आणि दुपार होत आली तरी एक रेघ नाही.

प्रकाशक सुलभाताईंचा पुण्याहून परत व्हॉइस मेसेज. महिनाअखेर चित्रांची चार पानं नमुना म्हणून हवीत, ती बघून पुस्तक कोणाला द्यायचं ते ठरवणार. ‘एआय वापरा हो, आता सगळेच वापरतात. पण तुमचा हात दिसला पाहिजे वैदेही. नाहीतर मग तुम्ही कशाला?’ बोलणं एकदम गोड, आणि बरोबर दुखऱ्या जागेवर बोट.

गोष्ट छान आहे. एक साळुंकी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे पळवते आणि एसीच्या मागे घरटं करते. घरातली मुलगी तिचा पाठलाग करते. एवढंच. मी ती उचलून आमच्याच बाल्कनीत आणलीय, इथे आखातात, बिन महमूदमध्ये. साळुंक्या इथे हव्या तेवढ्या. एसीचं तर विचारूच नका.

आठ वर्षं मंडळाचे बॅनर, वाढदिवसांची आमंत्रणं, हळदीकुंकवाच्या पाट्या. नाशिकला असताना मी चित्रकार होते. इथे मी ‘ती छान करून देते’ एवढीच आहे. पुस्तकावर ‘चित्रे’ आणि पुढे माझं नाव. हवंय मला हे. फार हवंय.

टूलचे पैसे भरले. आता त्याला तोंडं तीन. एकात नुसतं बोलायचं, ते चित्र करून देतं. दुसऱ्यात पेन घेऊन आपण काढायचं आणि हवा तेवढाच तुकडा त्याच्याकडून भरून घ्यायचा. तिसऱ्यात सगळे डबे, आणि डब्यांना जोडणाऱ्या तारा. बोलका, फळा, तारा. नावं ठेवून झाली. कामाला मात्र अजून हात नाही.

४ नोव्हें., मंगळ.

फळा.

पेन टॅब्लेट कपाटातून काढलं. वायर सापडेना. शेवटी नि.च्या ड्रॉवरमध्ये, ‘मिसलेनियस’ लिहिलेल्या पिशवीत. हा माणूस संसारालाही लेबलं लावेल.

साळुंकी काढली. पाय चुकले. पुन्हा काढली, आता मान चुकली. पूर्वी पक्षी एका दमात यायचा. आता डोळा एक म्हणतो, मनगट दुसरंच करतं. रेघ थरथरते. कंटाळून मशीनला म्हटलं, मागची भिंत तू भर. भरली. काय भरली! एसीच्या बाहेरच्या डब्यावरची धूळसुद्धा. आणि त्या भिंतीपुढे माझी साळुंकी म्हणजे लग्नात बिनबोलावता आलेली बाई.

बंद करून टाकलं. कपडे वाळत घालायला गेले तर कठड्यावर खरी साळुंकी. पाय नीट बघून घ्यावे म्हटलं, तेवढ्यात उडाली.

७ नोव्हें., शुक्र.

सुट्टी. नि. घरी. त्याला ताराच आवडणार हे मला आधीच माहीत होतं, प्लांटमधल्या पाइपांचे नकाशे बघण्यात त्याचा जन्म चाललाय.

‘हे बघ, इथून इनपुट, इथे कंट्रोल, इथून आउटपुट. एकदा सेट केलं की खलास. प्रत्येक पान सेम क्वालिटीचं.’

‘मला सेम नकोय.’

‘मग काय हवंय?’

सांगता येईना. तो बिचारा जुम्म्याची दुपार त्यात घालवून बसला. शेवटी साळुंक्यांची एक रांग आली, सगळ्या सारख्या, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारख्या. तो खूश. मी चिडले. ‘रागावतेस काय, मी हेल्पच करतोय ना,’ तो म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून आणखी चिडले. पोहे दोघांनीही न बोलता खाल्ले.

८ नोव्हें., शनि.

शिल्पाकडे, ओल्ड एअरपोर्ट भागात, तिच्या मुलाचा वाढदिवस. ही माझी इथली एकुलती एक मैत्रीण, आणि हिचं सगळं काम फोनवर, बोलक्यात. ‘तू उगाच डोकं पिकवून घेतेस गं. बोलायचं आणि मोकळं व्हायचं.’

तिच्यासमोरच केलं, इंग्रजीत. गोष्टीतली आई. साधा कुर्ता, केस वर बांधलेले, कपाळाला चंद्रकोर. आली बाई. कपाळावर चंद्र, शेजारी चांदणीही. शिल्पा सोफ्यावर आडवी. ‘ईदचं ग्रीटिंग कर, सगळ्या बिल्डिंगला पाठव!’ मीही हसले. पण चंद्र सोडला तर बाई सुरेख होती. मी काढली असती त्याहून सुरेख.

परत येताना गाडीत तेच डोक्यात. मागच्या सीटवरून ओवी, ‘व्हाय डोन्ट यू जस्ट यूज दॅट वन, आई?’

‘कारण ते माझं नाही.’

‘बट इट्स बेटर.’

नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, असंच चालतं आमचं. समजतं सगळं. बोलत नाही.

१० नोव्हें., सोम.

बोलक्याला मराठीही कळतं म्हणे. माइक दाबला. ‘ओट्यावर चढलेली मुलगी.’

स्वयंपाकघरात रिक्षा. काळी-पिवळी, गॅसच्या शेजारी, वर टपावर मुलगी. ओटा आणि ऑटो. बरं.

मग साळुंकी. जमली की! फक्त शेपटी अर्धी एसीमागे गेलेली. म्हटलं, ‘शेपटी काढ.’ दिसत होती तीही गेली. ‘अरे, शेपटी काढ!’ त्यावर नम्र उत्तर, ‘शेपटी काढून टाकली आहे.’

त्याचं तरी काय चुकलं? आपण चित्र काढतो आणि चप्पलही काढतो. पोरीच्या मागे दिवसभर माझं हेच, युनिफॉर्म काढ, डबा काढ, वही काढ. एक शब्द आणि दोन्ही टोकांची कामं त्याच्याकडे.

ओवी शाळेतून येऊन मागेच उभी होती. पोट धरून हसायला लागली. ‘साळुंकीचा शेपटी गेला!’

मराठीत! आणि मी, तोंडाला कुलूप लावायचं सोडून, ‘गेली. साळुंकीची शेपटी गेली.’

‘व्हॉटेव्हर.’ खोलीत. दार.

११ नोव्हें., मंगळ.

फळ्यावर बरी रेघ. साळुंकीची पाठ, आणि पायही. एक तास छान गेला. मग पुन्हा बोलका उघडून बसले, बघू तरी म्हणून. मग तारा. मग परत फळा. कुठेच बूड टेकत नाही. दुपारी भांडी घासताना लक्षात आलं, एकाच चित्राची सात रूपं झालीत आणि एकही धड नाही. मुळात मी चित्र करतेय की खिडक्या उघडझाप करतेय?

१३ नोव्हें., गुरु.

हे नीट लिहून ठेवायचंय.

संध्याकाळी पोळ्या करत होते. बाहेरून ओवीचा आवाज. वाटलं, आजीशी फोनवर. पण आजीशी तिचं हॅलो आणि बाय एवढंच. कान दिला.

‘साळुंकी रागावला आहे. त्याला चिमटा पाहिजे. लाल. नाही नाही, तो नाही, दुसरा चिमटा. मुलगी खाली बसून बघतो. मुलगीचा केस उडते.’

गॅस बंद केला. लाटणं हातात तसंच घेऊन दाराआड उभी राहिले. एकामागून एक वाक्यं. मुलगी बघतो आणि केस उडते, सगळी उलटापालट, पण मराठी! माझ्या मुलीची, सलग, न थांबता. मध्येच ‘ए, ऐक ना,’ असंही म्हणाली त्या बोलक्याला. तो ‘ऐक ना’ माझा आहे. मी नि.ला म्हणते तसा, त्याच हेलात.

इतकं सगळं होतं तिच्यात? कुठे ठेवलं होतं?

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘त्याच्याशी मराठीत बोलत होतीस?’

खांदे उडवले. ‘इट डझन्ट करेक्ट मी.’

नि. माझ्याकडे बघेना. वरणभात कालवत राहिला. मला लागलं. खूप लागलं. लिहिल्यावर कमी होईल वाटलं होतं, होत नाहीये.

१५ नोव्हें., शनि.

नवी पद्धत. सकाळी मी फळ्यावर काढायचं, दुपारी ओवी तेच चित्र बोलक्यात नेऊन काय बदलायचं ते सांगणार. आज दोन पानं झाली. ती सांगत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तिच्याकडे पाठ करून. ‘साळुंकी उडतो’ ऐकलं. जीभ दातांखाली धरली. खरोखर धरली.

पण. (इथे पण यायचाच.) बोलका तुकडा बदलत नाही. ती म्हणते चिमटा लाल कर, तो चिमटा लाल करतो आणि अख्खं चित्र नव्याने करून हातात देतो. माझ्या रेघा पार्लरमधून आल्यासारख्या. गुळगुळीत, भुवया कोरलेल्या. या दोन आठवड्यांत कुठे हात जरा सुटायला लागला होता. साळुंकीचे पाय मंगळवारी पहिल्यांदा साळुंकीचे वाटले. ओवीच्या तीन वाक्यांत गेले ते.

आणि फळ्याला माइक नाही. टाइप करायचं, तेही इंग्रजीत.

म्हणजे एका खिडकीत माझा हात, दुसऱ्या खिडकीत तिची मराठी. वाहवा.

दोन्ही प्रकार सुलभाताईंना पाठवले. कुठला कसा केला ते सांगितलं नाही.

१७ नोव्हें., सोम.

सुलभाताई. ‘पहिलं पान बघून बरं वाटलं. साळुंकीच्या पायांत जीव आहे. असंच पुढे न्या. दुसरं छान आहे हो, पण तसं मला इथे दहाजणं करून देतात.’

पहिलं म्हणजे फळ्याचं.

आनंद झाला. झालाच. स्वयंपाकघरात जाऊन एकटीच गिरकी घेतली. मग ओवी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि थेट लॅपटॉपकडे. आनंद तिथल्या तिथे बसला.

१९ नोव्हें., बुध.

सांगितलं तिला. पुढची पानं आई फळ्यावर करणार. पुस्तकवाल्या बाईंना तसंच हवंय.

‘सो माय वन्स आर बॅड?’

‘वाईट नाहीत गं. वेगळी आहेत.’

‘ओके.’

एवढंच. रडली असती तर बरं झालं असतं. आयपॅड घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात गेली. रात्री ‘गुड नाइट’. घरात एक आवाज नुकता सुरू झाला होता, तो मी बंद केला. महिनाअखेर आली, मला काम करायचंय, मी काय करू?

नि. म्हणतो, ‘इट्स अ टूल, वैदू.’ त्याला टूल म्हणजे पाना.

२१ नोव्हें., शुक्र.

कॉर्निशला, समुद्रकाठी फिरायला गेलो. हवा मस्त, लोक चटया टाकून बसलेले, कुणाची तरी बिर्याणी. ओवी पुढे पुढे. मला समुद्र दिसतच नव्हता, डोक्यात तिसरं पान.

घरी येऊन म्हटलं, चल, आपण फळ्यावर एकत्र करू. तू सांग, मी काढते. मीच तुझा बोलका. शेजारी खुर्ची ओढून बसली. मनात म्हटलं, आज काही झालं तरी चुका काढायच्या नाहीत.

‘मेक द बर्ड बिगर.’

‘मराठीत सांग ना. त्याला कशी सांगतेस.’

खुर्ची जरा मागे सरकवली. मग एकदम हळू, ‘साळुंकी मोठा कर.’

मी काही बोलले नाही. शपथ. पण चेहऱ्यावर आलं असणार. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, पडद्याकडे नाही. ‘सी? यू डिड द फेस,’ म्हणाली आणि उठून गेली.

आता चेहरा कुठे ठेवू मी?

२४ नोव्हें., सोम.

नि.ने कालपासून ताराच हातात घेतल्यात. ‘दोन्ही जोड ना. तुझ्या रेघा एका थरात लॉक, ओवीचा माइक दुसरीकडून इनपुट. दोघींचं काम होईल.’ ऐकायला इतकं बरोबर वाटलं की मी त्याला चहा न मागता दिला.

संध्याकाळी चालू केलं, यल्ला, चला एकदाचं. ओवीही आली, बाबांचं म्हणून. तिने सांगितलं, ‘मुलगीला इकडे आण.’ मुलगी खरंच इकडे आली. माझ्या रेघा मात्र लॉक, जागच्या हलायला तयार नाहीत. मुलगी कठड्याशी आणि तिची बाह्यरेषा एसीजवळ, भूत उभं राहिल्यासारखी. तिघंही हसलो. घरात खूप दिवसांनी.

नि. खुर्चीतून उठता उठता, ‘फिक्स होईल, इन्शाल्ला.’ प्लांटमध्येही असंच म्हणतो का कोण जाणे.

हसून झाल्यावर ओवी लॅपटॉपपाशीच घुटमळत होती. मी न बोलता बोलका उघडून ठेवला आणि आत निघून गेले. दार लावून घेतलं, म्हणजे माझा चेहरा तिला दिसायला नको. आतून ऐकत राहिले. साळुंकीला आता नाव दिलंय तिने, चिमटू. ‘चिमटू भूक लागला.’ छान वाक्य आहे. मला त्यात काहीही करायचं नाही.

२६ नोव्हें., बुध.

तीन पानं फळ्यावर पूर्ण. तिचीही तीन झाली, बोलक्यात, गुळगुळीत. दोन पुस्तकं वाढतायत या घरात. चौथं पान उरलंय, मुलगी स्वतःहून एक चिमटा साळुंकीसाठी कठड्यावर ठेवते ते. गोष्ट तिथेच संपते.

आज ते काढलं. सकाळी बसले आणि उठले तेव्हा चहा थंडगार. मुलीचा हात, कठडा, चिमटा, थोड्या अंतरावर साळुंकी मान तिरकी करून. मशीनला फक्त आकाश भरायला दिलं. बाकी सगळं माझं. रेघ अजून थोडी थरथरते, पण आता ती माझ्यासारखी थरथरते. किती वर्षांनी स्वतःचं चित्र लांब जाऊन, जवळ येऊन बघत बसले.

मुलगी ओवीसारखी झालीय. ठरवून नाही केलं.

२८ नोव्हें., शुक्र.

पानं पाठवायची होती. अजून पाठवलेली नाहीत.

सकाळी नि. मासे आणायला गेलेला. मी पाठवायच्या आधी चौथं पान एकदा बघते म्हणून पेन घेऊन आले, तर ओवीने ते आधीच बोलक्यात उघडलेलं. मला न विचारता. लॅपटॉप ओढून घ्यावासा वाटला. मूळ चित्र फळ्यावर सुरक्षित आहे, हे मला कळत होतं. तरी वाटलं. मी येऊन मागे उभी राहिले ते तिला कळलं असावं. वळली नाही. माइक दाबलेला.

‘हा मुलगी मी आहे,’ तिने त्याला सांगितलं. बाहेर साळुंक्यांचा कलकलाट. मग, ‘आईचा लाइन काढ.’

पडद्यावर नेहमीसारखं चित्र नव्याने बनायला लागेल, रेघा जातील, असं वाटलं. या वेळी ते थांबलं. अक्षरं उमटली, त्याने ती वाचूनही दाखवली. ‘काढ म्हणजे आईच्या रेघा नव्याने रेखाटू, की चित्रातून पुसून टाकू?’

‘रेखाटू’ तिला कळलं नसणार. मी हा शब्द घरात कधी वापरलेलाच नाही. मी सगळ्याला काढच म्हणते. आणि तिला यातलं कुठलं काढ म्हणायचं होतं, हे मला खरोखर सांगता येईना. तिला गुळगुळीत मुलगी आवडते, माहीत आहे. पण ‘आईचा’ म्हणाली होती. विचारायची भीती वाटली.

ती खुर्चीतून माझ्याकडे वळली. माझ्याकडे, त्याच्याकडे नाही.

‘आई, काय सांगू?’

तीन शब्द. तिन्ही नीट. काही दुरुस्त करण्यासारखं नव्हतं त्यात, आणि असतं तरी.

उत्तर दिलं असतं तर ती पुन्हा पडद्याकडे वळली असती. म्हणून मी पेन टेबलावर ठेवलं, दुसरी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘थांब जरा. त्याला थांबू दे. आधी मला सांग.’

तिने माइकवरचं बोट उचललं.